देवावर चिडलं तर पाप लागतं का?

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. आठ महिने झाले माझी नोकरी गेली आणि त्यातच मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालं. मंडळीतलं (चर्चमधलं) कोणी ना कोणी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं यिर्मया २९:११ पाठवतं, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत वगैरे, आणि खरं सांगू, आता ते वचन दिसलं की फोन उलटा करून ठेवते. प्रार्थनेला बसते तर नुसता राग येतो, शब्दच फुटत नाहीत. एक बहीण म्हणाली तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून हे चाललंय. मी पाप करतेय का?

उत्तर: जय ख्रिस्त. नाही, अजिबात नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं धास्तीनेच वाचाल.

आता त्या वचनाचं बघू. ते एका पत्रातलं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजासकट खूप लोकांना बाबेलला धरून नेलं, त्यांना यिर्मया संदेष्ट्याने ते पाठवलं होतं. ११ वी ओवी सगळ्यांच्या स्टेटसला असते पण तिच्या आधीची १० वी कोणी ठेवत नाही, कारण तिथे लिहिलंय सत्तर वर्षं. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना घरी परतणं नशिबात नव्हतं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होणार असं छातीठोक सांगत होता (लोकांना तेच आवडलं असणार, आपल्यालाही आवडतं) आणि तो खोटा निघाला. यिर्मया मात्र म्हणतो घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात जाऊन पडलात त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे लांबणार आहे असं तोंडावर सांगून मग दिलेली आशा आहे ती, पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल असं त्यात कुठेच नाहीये. तेव्हा तुम्हाला त्रास वचनाचा होत नाहीये, त्याचा शेंडा तेवढा खुडून पाठवतात त्याचा होतोय. पाठवणाऱ्यांवर मात्र फार रागावू नका, काय बोलावं ते सुचत नाही म्हणून बिचारे फॉरवर्ड करतात.

आणि रागाचं म्हणाल तर स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांत देवाकडे केलेल्या तक्रारी आणि रडगाणी इतकी आहेत की आपण उपासनेत फक्त आनंदाचीच का गातो हा मला पडलेला प्रश्न आहे. १३ व्या स्तोत्रात दावीद सुरुवातीलाच चारदा विचारतो, कोठवर? ते निदान शेवटी गाण्यावर येतं, पण ८८ वं तर अंधारातच संपतं, एक दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर प्रभू येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हटलं ते २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. आता प्रभूचाही विश्वास कमी पडला असं त्या बहिणीला म्हणायचंय का?

त्यांना ईयोबाचं पुस्तक वाचायला सांगा, पण प्रेमाने. काही चूक नसताना सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल हे पानंच्या पानं ऐकवलं. शेवटी ४२:७ मध्ये देव त्यांनाच रागावतो, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत म्हणून. म्हणजे भांडणारा ईयोब बरोबर आणि देवाची वकिली करणारे चूक!

माझे वडील आजारी होते तेव्हा माझी प्रार्थना तीन-चार महिने बंद होती. फक्त १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचायचे, सहाच ओव्या, आणि झोपायचे. तुम्हीही तेवढंच करा. शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं रोमकरांस ८:२६ मध्ये आहे, मला तेव्हा ते पाठ होतं पण अर्थ नंतर कळला. शिवाय एलीया संदेष्ट्याचं बघा, १ राजे १९ मध्ये तो झुडपाखाली बसून मरण मागतो तर देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. तुमची झोप, जेवण सुटलं असेल तर स्वतःसाठीही डॉक्टरांकडे जा. मंडळीला सांगायचंच तर स्पष्ट सांगा, वचन नको, मंगळवारी डायलिसिसला यांच्यासोबत कोणी बसाल का.

प्रश्न: युद्धं, भूकंप, साथी. शेवटचा काळ आलाय का? एका व्हिडिओत तारीखही सांगितलीय.

उत्तर: मत्तय २४ मध्ये प्रभू म्हणतात लढायांबद्दल ऐकाल, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आणि ३६ व्या ओवीत, तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. विल्यम मिलर या उपदेशकाचे हजारो अनुयायी अमेरिकेत प्रभू परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले होते, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सकाळ झाली. तो व्हिडिओ ज्याने पाठवला त्याला खाली फक्त २४:३६ लिहून पाठवा, पुढचा भाग येईल असं वाटत नाही.