दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेल्याला पिस्तूल जवळ बाळगू द्यावं का?

प्रश्न असा आहे: टेक्सासात एकदा डीडब्ल्यूआयची, म्हणजे नशेत गाडी चालवल्याची, शिक्षा झाली, तर पिस्तूल घेऊन फिरण्याच्या हक्कावर तिचा परिणाम व्हावा का? विचारणाऱ्यांनी प्रश्नाखाली स्वतःचं मतही दिलंय, की दारू वेगळी, गाडी वेगळी आणि बंदूक वेगळी. अगदी हेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर ऐकलं आहे, म्हणून लिहायला बसले.

व्हावा. निदान पाच वर्षं तरी व्हावाच.

मी ह्यूस्टनजवळ राहते, फार्मसिस्ट आहे आणि माझ्याकडे स्वतःचं कॅरी लायसन, म्हणजे पिस्तूल जवळ घेऊन फिरण्याचा परवाना, आहे. हे आधीच सांगते, कारण असं काही बोललं की 'यांना बंदूकच नको' असा शिक्का बसतो. एका रात्री दुकान बंद करायच्या वेळेला एकाने काउंटरवर पिस्तूल रोखून ऑक्सिकोडोन, नशेसाठीही घेतली जाणारी वेदनाशामक गोळी, मागितली. त्यानंतर मी कोर्स केला, रेंजवर पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली, बोटांचे ठसे दिले आणि लायसन घेतलं. त्याचा मला अभिमान आहे. कुठे पार्टीला जायचं असेल आणि वाइनचा एक ग्लास जरी घ्यायचा असेल, तर माझं पिस्तूल घरी तिजोरीत राहतं.

आता आमच्या थोरल्या दिरांबद्दल. त्यांच्यामुळेच आम्ही या देशात आलो, पहिल्या घराच्या वेळी पैशांची मदत त्यांनीच केली. ते ऋण मी विसरलेले नाही. एका पन्नाशीच्या पार्टीहून परतताना त्यांना पोलिसांनी थांबवलं. रक्तातल्या दारूचा आकडा इथल्या मर्यादेच्या, 0.08 टक्क्यांच्या, थोडा वर आला. कुठे धडकले नव्हते, कोणाला लागलं नव्हतं. पहिलाच गुन्हा, म्हणजे क्लास बी, किरकोळ गुन्ह्यांचा एक वर्ग. गुन्हा कबूल केला, प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं, फुंकल्याशिवाय गाडी सुरू न होणारं ते यंत्र बसलं. त्यांच्याकडेही कॅरी लायसन होतं. आरोप दाखल झाल्यावर ते स्थगित झालं आणि शिक्षा झाल्यावर रद्द. तुरुंगात जावं लागलं नाही तरी लायसनच्या हिशेबी प्रोबेशन ही शिक्षाच. पुन्हा अर्ज करायचा तर पाच वर्षं थांबायचं.

भाऊजी भयंकर चिडले. एका ग्लासापायी मला गुंडांच्या रांगेत बसवलं म्हणाले. भारतात असतो तर कोणी विचारलंही नसतं, हेही म्हणाले. भारतातली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे इथल्या मोजमापाने 0.03. तिथे ते अडीचपटीहून जास्त भरले असते. आणि तिथे शस्त्राचा परवाना हा हक्क नाहीच, तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं.

मग 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात विनापरवाना कॅरी सुरू झालं. 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदूक बाळगायची मनाई नसलेल्या माणसाला लायसनची गरज उरली नाही. काही किरकोळ गटातल्या गुन्ह्यांसाठी त्यातही पाच वर्षांची बंदी ठेवली आहे: मारहाण, बेदरकारपणे शस्त्र वापरणं, धमकावणं, सार्वजनिक जागी बंदूक दाखवून घाबरवणं. त्या यादीत डीडब्ल्यूआय नाही. म्हणजे जो कोर्स करून, ठसे देऊन रीतसर लायसन मागतो त्याला पाच वर्षं नकार, आणि जो काहीच मागत नाही तो आजपासून मोकळा. ही पळवाट आहे आणि ती बुजवली पाहिजे. भाऊजींनी मात्र तिचा अर्थ असा लावला की सरकारनेच आपल्याला निर्दोष ठरवलं. पिस्तूल परत गाडीच्या कन्सोलमध्ये गेलं.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. एका दुपारी जाऊबाई एकट्याच आल्या. पिशवीत वर पोळ्यांचा डबा आणि खाली टॉवेलात गुंडाळलेलं ते पिस्तूल. मॅगझिन काढून वेगळं ठेवलं होतं, तेवढं त्या व्हिडिओ बघून शिकल्या होत्या. म्हणाल्या, "हे तुझ्या तिजोरीत ठेव. ते यंत्र काढल्यापासून यांचं पुन्हा रोजचं सुरू झालंय." मी विचारलं, तुम्हाला काही करतील अशी भीती वाटते का? "छे गं, माझ्यावर हात नाही उचलणार. पण रात्री गॅरेजमध्ये गाडीत एकटेच बसून राहतात. मला झोप लागत नाही."

औषधांच्या काउंटरमागे इतकी वर्षं उभी राहिल्यावर या वाक्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागत नाही. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मी चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि पिस्तूल तिजोरीत ठेवलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "दादाला कळलं तर?"

कळलंच. खंडेनवमीला पूजेत ठेवायला भाऊजींनी पिस्तूल शोधलं आणि ते जागेवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं जेवण आमच्याकडे होतं. पानं वाढून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माझी वस्तू तू कुठल्या अधिकाराने ठेवून घेतलीस?" जाऊबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मग ते वाक्य आलं: "दारू वेगळी, गाडी वेगळी, बंदूक वेगळी. माझी चूक गाडीची होती, ती मी फेडली."

मी म्हटलं, "भाऊजी, गाडीचं काहीच चुकलं नव्हतं. दोन पेग झाल्यावर तुम्ही स्वतःला विचारलंत की मी ठीक आहे का, आणि तुम्हाला उत्तर मिळालं की हो. ते उत्तर चुकलं. पिस्तूल जवळ असताना हाच प्रश्न तुम्ही त्याच डोक्याला विचारणार."

पिस्तूल त्याच रात्री परत दिलं, कारण कायद्याने ते त्यांचं होतं. नंतर नाशिकहून सासूबाईंचा फोन आला, मोठ्या दिराशी असं बोलतात का म्हणून. भाऊजी तेव्हापासून आमच्याकडे आलेले नाहीत. पण त्या दिवशी मी जे बोलले ते आजही शब्दशः तसंच बोलेन.

आणि हे फक्त माझं मत नाही. कॅलिफोर्नियात 2001 साली पिस्तूल विकत घेतलेल्या जवळजवळ 79,000 लोकांची 2013 पर्यंतची नोंद संशोधकांनी तपासली आणि 2019 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. ज्यांच्या नावावर आधी दारू पिऊन गाडी चालवल्याचीच शिक्षा होती, दुसरं काही नव्हतं, त्यांना पुढे गंभीर हिंसक गुन्ह्यात अटक होण्याचा धोका कोरी पाटी असलेल्यांच्या अडीचपटीच्या आसपास निघाला. बहुतेकांना अशी अटक कधीच झाली नाही, हेही खरं. पण परवाना धोक्याकडे बघूनच देतात ना?

दारू आणि बंदूक वेगळी नाहीत हे टेक्सासचा कायदाही जाणतो. ज्या बारचं 51 टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथे प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं, तिथे लाल आकड्याची पाटी असते आणि लायसनवाल्यालाही पिस्तूल आत नेता येत नाही. गाडीत पिस्तूल ठेवायला परवानगी आहे, पण गुन्हा करत असताना नाही. त्यामुळे पिऊन गाडी चालवताना पिस्तूलही सापडलं, तर बेकायदा शस्त्र बाळगल्याचा दुसरा गुन्हा लागतो. दहा वर्षांत डीडब्ल्यूआयच्या दोन शिक्षा झाल्या तर लायसनसाठी तुम्हाला व्यसनाधीन धरतात. तिसरा डीडब्ल्यूआय थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, मग कॅरी सोडाच, बंदूक बाळगण्यावरच बंदी.

आता इतर राज्यांबद्दल थोडं. हे सगळं टेक्सासचं आहे. केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे राज्यांचे किरकोळ गुन्हे बंदूकबंदीत मोजत नाहीत. पण पेनसिल्व्हेनियात रक्तात खूप जास्त दारू असताना गाडी चालवण्याच्या दुसऱ्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे तिथल्या एका माणसावर केंद्रीय कायद्याने कायमची बंदी आली आणि 2020 मध्ये अपील कोर्टाने ती उचलून धरली. सुप्रीम कोर्टाच्या बंदुकीच्या हक्काबद्दलच्या 2022 च्या ब्रुएन निकालानंतर अशा बंदीला इतिहासातला आधार दाखवावा लागतो, त्यामुळे तिथे अजून वाद होणार. आजन्म बंदी मलाही मान्य नाही. पोलिस सगळ्यांना सारख्याच नजरेने थांबवत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. आणि मी वकील नाही, तुमच्यावर केस असेल तर वकील गाठा. तुम्ही एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर पिस्तुलाचा विचार सोडा: शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद वगळता तुम्हाला ते बाळगताच येत नाही, आणि डीडब्ल्यूआयच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

बाकी ज्यांना शिक्षा झाली आहे त्यांनी, विनापरवान्याची सोय असली तरी, ती पाच वर्षं स्वतःहून पाळावीत. पिस्तूल गाडीतून काढा, तिजोरीत ठेवा आणि तिजोरीचा नंबर बायकोला ठरवू द्या. भाऊजी, तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे.