ठाण्याच्या आसपास शरदातल्या शेतशिवाराचे फोटो कुठे आणि केव्हा काढावेत?

आपण ऐरोलीत राहता, परदेशातल्या लाल-केशरी पानांचे फोटो पाहून आपल्याकडच्या शरदाचेही काही टिपावे असे आपल्याला वाटते, आणि ऑक्टोबरातले दोन-तीन रविवार मोकळे आहेत, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी ठाण्याचा रहिवासी असून गेली काही वर्षे याच दिवसांत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत कॅमेरा घेऊन फिरतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, आपल्याकडे शरदाचा रंग झाडांवर शोधू नये. आपली पानगळ शिशिरातली. पळस आणि काटेसावर फुलतात त्याही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आश्विन-कार्तिकात रंग बदलतो तो भाताचा, आणि तोही प्रत्येक खाचरात वेगवेगळ्या दिवशी. हळवे भात सप्टेंबरअखेरीपासून पिकू लागते, गरवे भात नोव्हेंबरातही उभे असते, आणि निमगरवे या दोहोंच्या मध्ये येते. म्हणून एकाच शिवारात एक तुकडा हिरवा, शेजारचा पोपटी, त्यापलीकडचा पिवळाधमक आणि बांधापलीकडे नुसती धसकटे, असे दृश्य साधारण ऑक्टोबरच्या मध्याला दिसते, आणि फोटोसाठी तेच सर्वांत चांगले असते. सगळे शेत एकसारखे पिवळे झाले की फोटोत ते अंथरलेल्या चादरीसारखे सपाट दिसते. त्यामुळे तीन रविवारी तीन गावे पालथी घालण्यापेक्षा तिन्ही रविवारी एकाच गावात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या खेपेला जे खाचर हिरवे होते तेच तिसऱ्या खेपेला कापलेले मिळते, आणि तोवर गावातली माणसेही आपल्याला ओळखू लागलेली असतात.

पावसाचेही गणित ध्यानात ठेवावे. हवामान खात्याने २०२० मध्ये ज्या सुधारित तारखा जाहीर केल्या, त्यांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. प्रत्यक्षात तो त्याच्या लहरीप्रमाणे मागेपुढे होतो. दुपारी परतीची सर कोसळून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी हवा इतकी धुतलेली असते की डोंगराच्या घळी दुरूनही मोजता याव्यात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच सर उभे पीक आडवे करणारी असते, हे बांधावर उभे राहून आनंद व्यक्त करताना विसरू नये.

आता उजेडाविषयी, कारण आपल्या भागात तो सपाट प्रदेशापेक्षा निराळा वागतो. मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो खरा, पण गोरखगड-सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत ऊन पोहोचायला त्यानंतर बराच वेळ लागतो, आणि तोवर सारे निळसर सावलीत असते. मग सूर्य कड्यावर येतो आणि लोंब्या मागून उजळतात. कड्याची आपल्याकडची बाजू मात्र अजून काळोखात असते. काळपट निळी भिंत आणि तिच्यापुढे पेटल्यासारख्या दिसणाऱ्या लोंब्या, हा फोटो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे मिळतो. त्या वेळी कॅमेरा काळ्या डोंगरामुळे फसतो आणि चित्र नको तेवढे उजळ करतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप खाली आणावे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाईल असेल तर पडद्यावर लोंबीला बोट लावून उजेड हाताने कमी करावा. संध्याकाळी याच्या उलट होते. सूर्य पश्चिमेला, सव्वासहाच्या सुमारास मावळणारा, आणि त्याचा तांबूस उजेड थेट कड्यांवर. तेव्हा डोंगर आणि शेत दोन्ही एका चौकटीत घेता येतात. आसनगावजवळचा माहुलीचा किल्ला मात्र रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तो सकाळी उजळतो. शहापूरकडे जाणार असाल तर वेळापत्रक त्याप्रमाणे फिरवावे.

दहा ते चार या वेळेत मी कॅमेरा बहुधा पिशवीत ठेवतो, कारण ऑक्टोबरचे ऊन माणसाला आणि रंगाला सारखेच भाजते. त्या वेळी काढायचेच असेल तर लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावावा, म्हणजे पात्यांवरची पांढरी चकाकी उतरून खरा रंग दिसतो. किंवा सरळ सावलीतली कामे टिपावीत.

उभ्याने घेतलेला भाताचा फोटो बहुतेक वेळा फसतो. बांधावर गुडघे टेकून कॅमेरा लोंबीच्या उंचीला आणला की एकेक दाणा, त्यावरचे दव आणि कोळ्याचे जाळे दिसू लागते. बांधावरचा कुर्डू याच दिवसांत फुलतो, आणि त्याचे गुलाबी-पांढरे तुरे मागून ऊन आले की भातापेक्षाही देखणे दिसतात; त्यांच्याकडे कोणी फारसे वळत नाही, हे मला कधी कळले नाही.

कापणीचा प्रसंग एकदाच सांगतो. गोरखगडाच्या पायथ्याजवळ एक मावशी भात कापत होत्या. डाव्या हाताच्या बोटांना चिंधी बांधलेली, त्या हाताने चूड मुठीत धरायचा, उजव्या हाताने विळा मुळाशी फिरवायचा, आणि कापलेली मूठ न पाहता मागे धसकटांवर अशी ठेवायची की सगळ्या लोंब्या एकाच दिशेला येतील. मी फोटो काढू का म्हणून विचारले, तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "फोटू काढा, पन कडप्यांवर पाय नका देऊ, दाना झडतो." वाळत घातलेली ती कडपी मला नुसता पेंढा वाटली होती आणि माझा एक पाय त्यांवर पडलेलाच होता. त्यानंतर शेतात पाऊल टाकण्याआधी मी वाट विचारून घेतो. बांधही ओला असेल तर कडेने ढासळतो, त्यामुळे त्याच्या मधोमधच चालावे.

कडपी दोन-तीन दिवस वाळली की भारे बांधून खळ्यावर नेतात आणि झोडणी होते. धूळ आणि तूस उडत असताना सूर्याच्या दिशेने तोंड करून फोटो काढल्यास प्रत्येक कण दिसतो, पण तेवढ्या वेळात लेन्स बदलू नये. वाघबारशीसारख्या प्रसंगी आदिवासी पाड्यांवर पूजा असते; तिथे कोणी बोलावले तरच जावे आणि कॅमेरा आधी विचारून काढावा.

जाण्यायेण्याचे म्हणाल तर ऐरोलीहून ठाणे आणि तिथून कसाऱ्याची पहिली लोकल पकडून आसनगाव, हे सोपे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी घ्यावी लागते. गोरखगडाकडची सकाळ हवी असेल तर गाडीने पहाटे चारला निघणे बरे. एसी लावून गेलात तर कॅमेरा पिशवीतून लगेच काढू नका, बाहेरच्या दमट हवेत काच धुरकटते आणि ती वीस-पंचवीस मिनिटे त्यातच जातात. माझी एक सकाळ अशीच गेली. आणि काढलेल्या फोटोंपैकी चार-सहा छापून पुढच्या खेपेला सोबत न्यावेत. त्या मावशींच्या पडवीत विळा अडकवलेल्या खुंटीशेजारी माझा एक फोटो आता खिळ्याला लावलेला आहे. त्यात त्यांचा चेहरा दिसत नाही, ही त्यांची तक्रार कायम आहे.