ट्रिएस्टेच्या कार्यशाळेत बीमची व्याख्यानं सोडावीत का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकची आहेस, थंड प्लाझ्मानं (विजेनं पेटवलेल्या, पण फारशा न तापलेल्या वायूनं) कांद्याच्या बियांची उगवण सुधारते का यावर पीएचडी चालू आहे. इटलीतल्या ट्रिएस्टेच्या आयसीटीपीत (आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्रात) प्लाझ्मा आणि कणांच्या बीमच्या, म्हणजे झोताच्या, उपयोगांवर कार्यशाळा आहे, तिथे निवड झाली. पण निम्मी व्याख्यानं बीमची, तर ती सोडून तो वेळ पोस्टरला दिला तर चालेल का?

एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस. माझं म्हणणं, प्लाझ्माचं एखादं व्याख्यान बुडालं तर बुडू दे, बीमचं एकही बुडवू नकोस.

एक तर आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) बीम बहुतेक वेळा निघतो प्लाझ्मातूनच. आयन सोर्समध्ये वायूचा प्लाझ्मा पेटवतात, पुढच्या पत्र्याला काही मिलिमीटरचं भोक असतं आणि पलीकडे हजारो व्होल्ट. त्या भोकाशी प्लाझ्माची कड वाटीसारखी आत वळलेली असते. प्लाझ्मा फार दाट झाला की ही वाटी फुगून उलटते आणि बीम फाकतो. खोलगटपणा नेमका जमला तर बीम बांधल्यासारखा सरळ निघतो. म्हणजे बीमच्या वाटेवरचं पहिलं भिंग प्लाझ्माचंच. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात कॅन्सरच्या गाठीवर सोडतात त्या प्रोटॉनचा जन्मही प्लाझ्मातलाच.

पण खरं कारण दुसरंच आहे. बीमवाल्यांकडे डोस, म्हणजे मारा किती झाला याचं पक्कं माप, आहे, आपल्याकडे नाही.

लासलगाव तुला घरचं. तिथल्या कृषक केंद्रात आंब्यावर किरणांचा मारा होतो आणि 2007 पासून तो आंबा अमेरिकेला जाऊ लागला. तिथे कोबाल्टचे गॅमा किरण आहेत, बीम नाही, पण हिशेब तोच. अमेरिकेची अट आहे किमान 400 ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. हा आकडा लासलगावात, इंदूरला, कोरियात, कुठेही मोजला तरी अर्थ एकच. इलेक्ट्रॉन बीमवाले तर डोस पाण्याच्या तापमानवाढीवरून मोजून दाखवतात: 10 किलोग्रेला पाणी जेमतेम 2.4 अंशांनी तापतं. खाद्यपदार्थांसाठी इलेक्ट्रॉनची ऊर्जा 10 एमईव्हीच्या (एक कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) वर नेत नाहीत, कारण त्यापुढे पदार्थातच किरणोत्सार निर्माण होण्याचा प्रश्न येतो. मर्यादा माहीत, मोजमाप माहीत, म्हणून परवानगी मिळते आणि माल बंदरापर्यंत जातो.

आपण काय लिहितो? ‘पंधरा किलोव्होल्ट, पाच मिनिटं.’ प्लाझ्मा पेटतो त्या दोन प्लेटांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं बदललं, हवा दमट झाली, बिया जाड थरात पसरल्या, की ती पाच मिनिटं वेगळी. दुसऱ्या लॅबमध्ये तोच प्रयोग जुळत नाही यात मला नवल वाटत नाही. हा प्रश्न आपल्या क्षेत्रात अजून सुटलेला नाही, आणि तो ज्यांनी आपल्या कामात सोडवला ती माणसं पाच दिवस तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहेत.

माझा अनुभव सांगतो. पहिल्यांदा परदेशी पोस्टर घेऊन गेलो तेव्हा आयन सोर्सवर आयुष्य घालवलेले एक वयस्क गृहस्थ माझ्या पोस्टरपुढे थांबले. लँगम्युर प्रोबच्या (प्लाझ्मात खुपसून त्याची मोजणी करायच्या तारेच्या) आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना रेघ एकच येते का?’ येत नव्हती. वर्षभर मी तो फरक सरासरीत दडवत होतो. ते म्हणाले, टोकावर थर बसतोय, प्रत्येक मोजणीआधी प्रोबला धन व्होल्टेज देऊन टोक लालबुंद होईपर्यंत तापव. परत आल्यावर केलं, दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. हे मला प्लाझ्मावाल्या कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून जाण्याआधी लॅबमध्ये एवढं करून जा. तुझ्या डिस्चार्जच्या (प्लेटांमधल्या प्लाझ्माच्या) अर्थिंगच्या बाजूला सिरीजमध्ये एक कपॅसिटर जोड, त्यावरून चार्ज मोज आणि ऑसिलोस्कोपवर व्होल्टेजसमोर तो चार्ज मांड. तिरका समांतरभुज चौकोन दिसेल. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनातली ऊर्जा, तिला फ्रीक्वेन्सीनं गुणलं की वॅट मिळतात. त्याला वेळेनं गुणून बियांच्या वजनानं भाग आणि किलोमागे इतके ज्यूल हा आकडा पोस्टरवर ठळक टाक. हा खरा डोस नव्हे, कारण यातली बरीचशी ऊर्जा बीपर्यंत पोचतच नाही, हवा तापण्यात आणि ओझोन बनण्यात जाते. नेमकं तेच पोस्टरवर लिही आणि बीमवाल्यांना विचार, तुम्ही असता तर कसं मोजलं असतंत?

बाकीचं पटकन: हिवाळ्यात जात असशील तर तिथला बोरा वारा उभं राहू देत नाही, छत्रीऐवजी टोपीचं जाकीट घे. गावाबाहेर बासोविझ्झाला एलेट्रा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं यंत्र) आहे, त्याची भेट ठेवली असेल तर पहिल्याच दिवशी नाव नोंदव. आणि चौकोनाचं क्षेत्रफळ काढताना अडलीस तर ऑसिलोस्कोपचा फोटो इथे टाक, मी बघतो.