कंटाळा येऊ द्यावा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशन कक्षात उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास येते. आईवडील विचारतात, "मुलगा दिवसभर कंटाळा आला म्हणतो, त्याला कशात गुंतवू?" मोठी माणसे जरा संकोचून म्हणतात, "रिकामे बसवत नाही, मी आळशी झालो आहे का?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की कंटाळा हा दोष आहे आणि तो दिसताक्षणी घालवला पाहिजे. ती समजूत किती महागात पडते, हे चादरींची नक्षी काढणाऱ्या एका कारागिराच्या निमित्ताने मला लख्ख दिसले. ओळख पटेल असे तपशील बदलून आणि त्यांच्या परवानगीने ती हकिकत येथे देत आहे.

हे गृहस्थ 34 वर्षांचे. घरात तेलुगू, धंद्यात मराठी. अक्कलकोट रस्त्याकडे त्यांच्या कुटुंबाचा यंत्रमागाचा कारखाना आहे. वडील ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून जॅकार्डची, म्हणजे मागावर कापडातच विणली जाणारी नक्षी काढत असत. हे तेच काम संगणकावर करतात. आठ महिन्यांत त्यांना एकही नवी नक्षी सुचली नव्हती. "जुन्यातच रंग बदलून देतो, मॅडम. व्यापारी म्हणतात, हे तर मागच्या वर्षीचंच आहे." त्यांनी उपायही स्वतःच शोधला होता. पहाटे पाचला उठणे, गाडीवर असताना कानात यशस्वी उद्योजकांची भाषणे, जेवताना मोबाइलवर देशोदेशीची डिझाइने. एक मिनिटही वाया जाऊ द्यायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

मी विचारले, "दिवसातली अशी कोणती वेळ आहे, जेव्हा डोळ्यांपुढे आणि कानांत काहीच नसतं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आंघोळ." आणि क्षणभराने, "नाही, तिथेही गाणी लावतो."

मी त्यांना रोज दुपारी कारखान्याच्या ओट्यावर 15 मिनिटे मोबाइलशिवाय बसायला सांगितले. पुढच्या आठवड्यात ते रागावूनच आले. "नुसतं घड्याळ बघत बसलो. मला कंटाळा सहनच होत नाही."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतून, म्हणजे टोकाचे विचार तपासून पाहायला लावणाऱ्या पद्धतीने काम करते, त्यामुळे अशा वाक्यातला 'च' मला लगेच ऐकू येतो. "सहन होत नाही, की आवडत नाही?" मी विचारले. "या आठवड्यात तुम्ही किती दिवस बसलात?" चार दिवस, असे उत्तर आले. "म्हणजे चार वेळा सहन झाला." ते प्रथमच थोडे सैलावले.

त्यांची अस्वस्थता जगावेगळी नव्हती. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील एका प्रयोगात माणसांना 15 मिनिटे एकटे, केवळ स्वतःच्या विचारांसोबत बसवले होते आणि जवळ विजेचा सौम्य झटका देणारे बटण ठेवले होते. तो झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असे आधी म्हणणाऱ्या 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी तो स्वतःला देऊन घेतला.

पाचव्या भेटीत त्यांचा आवाज बदललेला होता. त्या दिवशी दुपारी वीज गेली, माग थांबले आणि ते ओट्यावर बसून समोरच्या भिंतीचे पोपडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांना लहानपण आठवले. शाळेतून आल्यावर आजीजवळ बसून तासन्तास मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हात चालत असत आणि डोळे अशाच एका भिंतीवर असत. "त्या पोपड्यांमधे मला मोर दिसायचे, मॅडम. आजीला मी मोर मोजून दाखवायचो." एवढे बोलून ते थांबले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी नक्षी तिथे शिकलो. वडिलांकडे नंतर."

मी त्या शांततेत काही बोलले नाही, आणि ते न बोलणे त्या दिवशीचे माझे सर्वांत चांगले काम होते, असे मला आजही वाटते.

त्यांच्या आठवणीला संशोधनाचा आधार आहे. सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना 15 मिनिटे टेलिफोन डिरेक्टरीतले क्रमांक उतरवून घ्यायला लावले आणि नंतर कपांचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगितले. कंटाळवाण्या कामातून आलेल्यांना इतरांपेक्षा अधिक उपयोग सुचले. क्रमांक नुसते वाचणाऱ्यांच्या कल्पना तर अधिक सर्जनशील होत्या. बाहेरून काही मिळेनासे झाले की मन स्वतःच्या साठ्याकडे वळते, असा मी याचा अर्थ लावते. साठा मात्र हवा. या गृहस्थांची आठ महिन्यांची धडपड फुकट गेली नव्हती. तिला मुरायला रिकामी जागा मिळाली नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा, की कंटाळ्याच्या वेळी मोबाइल हाती घेऊ नये, कारण त्याने कंटाळा झाकला जातो आणि मनाचे भटकणेही थांबते. शेंगा सोलणे, धान्य निवडणे, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने कानांत काही न घालता चालणे, अशी हात किंवा पाय गुंतवणारी आणि डोके मोकळे सोडणारी कामे उत्तम. "आज काही सुचले का?" असे स्वतःला विचारू नये, त्या प्रश्नाने विश्रांतीचीही कामगिरी होऊन बसते. मुलाने कंटाळा आल्याचे सांगितले, तर "हो का, येतो कधी कधी" एवढे म्हणून आपल्या कामाला लागावे. पहिला अर्धा तास तो कुरकुरेल, आणि पालकांची कसोटी त्या अर्ध्या तासातच असते. परंतु आवडीच्या गोष्टींतूनही मन उडाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवडे टिकले असेल, तर त्याला कंटाळा समजू नये. विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

शेवटच्या भेटीला ते गृहस्थ एक चादर घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर उलगडली. गडद निळ्या रंगावर पांढऱ्या तुटक आकारांचे काठ होते. मी त्यात मोर शोधू लागले, तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवले: पहिला सापडला की बाकीचे दिसतात. एका काठात अकरा होते.