आंब्याचे पैसे, भजनाचं रेकॉर्डिंग आणि मॅकबुकचा हप्ता

देवगड तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. किराणा दुकान, वडिलोपार्जित साठ कलमं आणि गावच्या भजन मंडळात पेटीची साथ. आंब्याचा हिशोब होऊन खात्यात १,६०,००० रुपये आहेत, विकास सोसायटीचं ८०,००० रुपयांचं पीक कर्ज आहे. घरीच रेकॉर्डिंग सुरू करून आजूबाजूच्या मंडळांची भजनं प्रत्येकी ३,००० रुपयांत करून द्यायची, वर्षाला तीस तरी होतील, असा त्यांचा अंदाज. संगणकाच्या दुकानदाराने एक लाखाचा मॅकबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, १६ टक्के व्याजाने २४ हप्त्यांत सुचवला आहे. मुंबईचा भाचा म्हणतो, विंडोजचा डेस्कटॉप जुळवून घ्या. घरात इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर दुकानाचा हिशोब आणि नेटबँकिंग चालतं. काय घ्यावं, आणि रोख की हप्त्याने?

तुमच्या खात्यात १,६०,००० दिसतात, पण संगणकासाठी ते तेवढे नाहीत. पहिले ८०,००० सोसायटीत भरा, तेही मुदतीच्या आत. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला राज्याच्या योजनेतून व्याज माफ होतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. कर्जाचं नवं-जुनं करून पुन्हा जी रक्कम हाती येईल, ती फवारणीची आणि खताची, तिच्याकडे बघायचंही नाही. उरलेल्या ८०,००० मधले ३०,००० घराच्या अडीअडचणीला बँकेत राहू द्या. उरले ५०,०००. आपलं सगळं बोलणं आता एवढ्यावरच.

मॅकबुकचा हप्ता मी मांडून पाहिला. एक लाखाला महिना ४,८९६ रुपये, दोन वर्षांत साधारण १७,५०० रुपये व्याज. वर्षाचे हप्ते झाले ५८,७५२. तुमच्या अंदाजाप्रमाणे तीस रेकॉर्डिंगचे ९०,००० आले तर हे सहज निभेल. पण तीस होतील का? जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस वाजत असताना चांगला माइक पखवाजाआधी पाऊसच पकडेल. मार्चपासून तुम्ही बागेत असाल. राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही जत्रांच्या रात्री कोणी मोकळं नसतं. आणि मंडळं रेकॉर्डिंग मागतात कधी, तर श्रावणात, गणपतीच्या तोंडावर! मला बारापेक्षा जास्त धरवत नाहीत. म्हणजे ३६,०००. वरचे जवळपास तेवीस हजार दुकानातून काढावे लागतील. आंबाही दरवर्षी हात देईलच असं नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ ऐन हंगामात आलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. तशा वर्षीही हप्ता पाच तारखेला कापला जातोच.

कोणी ‘नो-कॉस्ट’ हप्ता पुढे केला तर त्यातल्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, शिवाय प्रक्रिया शुल्क असू शकतं. रोखीने किती सूट मिळते तेही विचारून बघा.

मॅकबुक वाईट आहे म्हणून मी नको म्हणत नाही. आवाजाची यंत्रणा त्यात मुळातच चांगली बसवलेली असते, गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, त्यामुळे माइकजवळ घरघर नाही. मात्र रॅम नंतर वाढवता येत नाही, घ्यायचा तर १६ जीबीचाच. आणि दुरुस्तीचं अधिकृत केंद्र कुठे आहे ते आधी फोन करून विचारा. एका बिघाडासाठी कोल्हापूरची फेरी पडली तर दुकान दोन दिवस बंद.

भाच्याचा डेस्कटॉप स्वस्त पडेल, सुटे भाग तालुक्यात मिळतील, पण आपल्याकडे वीज कशी जाते ते मुंबईला कळत नाही. यूपीएस वेगळा घ्यावा लागेल. भजनाची बारी रंगात आली आणि लाईट गेली तर बुवा तसाच गजर पुन्हा म्हणू शकतील का? लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. अर्थिंग खराब असलं की येणारी गुणगुणही बॅटरीवर बऱ्याचदा थांबते.

म्हणून माझा कौल जुन्या लॅपटॉपला. भजन म्हणजे सगळे एकत्र बसून म्हणतात. दोन माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, जेमतेम एक जीबी होतं. आय-फाइव्हला ते जड नाही. संगणकाची खरी परीक्षा होते ती आधीचं रेकॉर्डिंग ऐकत त्यावर एकामागून एक आवाज चढवताना. तेव्हा गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर ताल सुटतो. तुम्हाला ते क्वचित लागेल, आणि इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर, थेट ऐकण्याची सोय असली की तोही प्रश्न मिटतो.

अडचण वेगळी आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बहुधा बसत नाही. असल्या लॅपटॉपवर नेटबँकिंग करणं आजच थांबवा. दुकानाच्या हिशोबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. मग उबुंटू स्टुडिओ पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपला लावा. ती विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची, ध्वनी, चित्र आणि व्हिडिओच्या कामासाठी तयार केलेली फुकट सिस्टिम आहे, काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. इंटरफेस घेताना दुकानदाराला एकच विचारायचं: वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे जोडणीचं सॉफ्टवेअर न टाकता, चालतो का? चालत असेल तर लिनक्सवर सहसा अडत नाही. पंधरा दिवसांत जमलं नाही तर विंडोज १० च ठेवा, पण इंटरनेट कायमचं तोडून. लिनक्स फुकट असली तरी शिकायला तुमच्या संध्याकाळी जातील, आणि विंडोज-मॅकसाठीचे काही प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारे जोडप्रोग्रॅम, तिच्यावर चालणार नाहीत, हेही धरा.

सॉफ्टवेअर रीपर घ्या. साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, लहान व्यावसायिकाला परवाना ६० डॉलरला पडतो, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. माइक, इंटरफेस, हेडफोन आणि रीपर उद्या कुठल्याही संगणकाला लागतील. फक्त मॅकवर चालणाऱ्या ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये हात बसला तर मात्र पुढचा प्रत्येक संगणक मॅकच घ्यावा लागेल.

तर ५०,००० असे बसवा: एसएसडी (वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम ६,०००, दोन माइकचा इंटरफेस १४,०००, माइकची जोडी १४,०००, हेडफोन ५,०००, स्टँड-केबल ४,०००, रीपर ६,०००. उरलेल्या हजारात हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कारण खाऱ्या दमट हवेत माइक असाच ठेवला तर बुरशी धरतो. झांजवाल्याला माइकपासून चार हात मागे बसवा.

यूट्यूबची कमाई हिशोबात धरू नका. आपल्या भजनांत सिनेमाच्या चाली असतात, आणि त्यावर मूळ हक्कदार दावा करू शकतो.

पहिल्या बारा रेकॉर्डिंगमधले २०,००० वेगळे ठेवा. पुढच्या जूनला लॅपटॉप अपुरा पडत असेल तर त्यात भर घालून रोखीने मॅक घ्या, तेव्हा मी आडवा येणार नाही.

आत्ता जून आहे. इंटरफेस घ्या, माइक मात्र ऑक्टोबरात, पावसाळाभर ते कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. गणपतीत तुमच्या घरी भजन बसेल तेव्हा साउंडवाल्याचे दोन माइक मागून एक बारी रेकॉर्ड करा. ती मला पाठवा, ऐकायला आवडेल.