गीत स्ट्रासबर्गचे, नाव मार्सेलिसचे

प्रश्न : फ्रान्सच्या राष्ट्रगीताला ‘ला मार्सेयेज’ म्हणतात. ते मार्सेलिस शहरात रचले गेले का? आणि त्याचा कवी क्रांतिकारक होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सावरकरांच्या उडीमुळे मराठी वाचकांच्या ओळखीचे झालेले मार्सेलिस हे फ्रान्सच्या दक्षिणेकडील बंदर आहे, गीत मात्र तेथून बरेच दूर, ऱ्हाईनकाठच्या सरहद्दीवरील स्ट्रासबर्गमध्ये रचले गेले. २० एप्रिल १७९२ रोजी फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. ही बातमी स्ट्रासबर्गला पोहोचली, तेव्हा तेथील महापौर दीत्रिश यांनी सैन्यासाठी एखादे स्फूर्तिगीत रचावे, अशी गळ इंजिनिअर दलातील कॅप्टन रूजे द लील यांना घातली आणि त्यांनी २५ एप्रिलच्या रात्रीत शब्द व चाल दोन्ही सिद्ध केली, असे सांगतात. ‘ऱ्हाईनच्या सैन्याचे युद्धगीत’ असे त्याचे मूळ शीर्षक असून ते सेनापती लुकनर यांना अर्पण केलेले होते. कवी स्वतः महापौरांच्या दिवाणखान्यात गात आहे, असे पील्स या चित्रकाराचे १८४९ मधील चित्र प्रसिद्ध आहे. पण महापौरांच्या पत्नीच्या पत्रावरून ते प्रथम महापौरांनीच गायले असे दिसते, आणि चित्रापेक्षा पत्रावर विश्वास ठेवणे अधिक बरे.

नावाचे कारण असे की, मार्सेलिसहून निघालेली स्वयंसेवकांची तुकडी हे गीत वाटभर गात जुलै १७९२ अखेर पॅरिसमध्ये दाखल झाली आणि पॅरिसकरांनी ज्यांच्या तोंडून ते ऐकले, त्यांचेच नाव त्याला दिले.

कवीविषयीचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. रूजे द लील यांना घटनेच्या चौकटीतील राजेशाही मान्य होती. त्यामुळे १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता उलथली गेल्यावर त्यांनी नव्या व्यवस्थेला मान्यता देण्याचे नाकारले, त्यांची नोकरी गेली आणि दहशतीच्या काळात, म्हणजे क्रांतिकारी राजवटीने विरोधकांना सरसकट देहदंड दिला त्या १७९३-९४ च्या पर्वात, त्यांना तुरुंगवासही घडला. त्यांचा जीव वाचला, एवढेच. गीत रचून घेणारे दीत्रिश डिसेंबर १७९३ मध्ये आणि ज्यांना ते अर्पण केले होते ते लुकनर पुढच्याच महिन्यात गिलोटिनखाली गेले, तेही हेच गीत ज्यांच्या ओठी होते त्यांच्या राजवटीत! पुढे १८१४ मध्ये राजघराणे परतले, तेव्हा या कवीने राजाच्या स्वागताचे गीतही लिहिले. ते मात्र कोणी लक्षात ठेवले नाही.

१४ जुलै १७९५ रोजी ‘ला मार्सेयेज’ला राष्ट्रगीताचा मान मिळाला खरा, पण नेपोलियनच्या साम्राज्यात ते मागे पडले आणि कायमचे स्थान त्याला १८७९ मध्येच लाभले. कवी त्याआधीच, १८३६ मध्ये, हलाखीत दिवस काढून वारले होते. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १४ जुलै १९१५ रोजी, त्यांचे अवशेष समारंभपूर्वक पॅरिसमधील अँव्हालीदमध्ये, म्हणजे नेपोलियनची समाधी जेथे आहे त्याच वास्तूत, नेण्यात आले.