मार्चमध्ये पारा पूर्वीही चाळीस अंश गाठायचा, मग मुंबईचं हवामान बदललं कशावरून?

बदललंय. सांताक्रूझच्या वेधशाळेत 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले, हे तुमचं खरं. पूर्वेकडून कोरडे वारे आले आणि खारे वारे उशिरा सुटले की तसं होतं. पण एका दिवसाच्या उच्चांकावरून हवामान ठरत नाही, तीस वर्षांची सरासरी धरतात. आणि मुंबईत तर दुपारपेक्षा रात्र बघा.

हाच 1956चा आकडा मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सभेत ऐकलाय, म्हणून लिहायला बसले. इमारतीमागे मातीचं अंगण होतं. जांभूळ होतं, कढीपत्ता होता. चिखल होतो आणि गाड्यांना जागा नाही म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. मी तळमजल्यावर राहते, त्या मातीचा गारवा मला ठाऊक होता, मी विरोध केला. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, मुंबई आधीपासूनच तापते, चार ब्लॉकांनी काय होणार?" ठराव मंजूर. जांभळाच्या बुंध्याला चिकटून ब्लॉक बसले आणि झाड वठलं. आता रात्री अकराला मागची खिडकी उघडली तरी झळ आत येते, वर सगळ्यांच्या एसींची गरम हवा त्याच चौकात सुटते. सासूबाई मे महिन्यात मागच्या दारात चटई टाकून निजायच्या. आता त्यांच्याच खोलीत आम्हाला एसी लावावा लागला. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडतं, हे त्या सभेत कुणालाच ऐकायचं नव्हतं.

पावसाचं म्हणाल, तर 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम 74. तेव्हा 'मुंबईचा पाऊस' असा एकच आकडा कुणी सांगितला तर आधी कुठला ते विचारा. 2025मध्ये मान्सून 26 मेलाच मुंबईत आला, एरवीची तारीख 11 जून. पण एका वर्षावरून मीही निष्कर्ष काढणार नाही.

एक मात्र सांगायला हवं. सांताक्रूझच्या वेधशाळेभोवती शहर वाढत गेलं, त्यामुळे तिथल्या तापमानवाढीत जागतिक तापमानवाढीचा वाटा किती आणि आपल्या बांधकामांचा किती, हे वेगळं काढावं लागतं. मुंबईच्या दुसऱ्या, कुलाब्याच्या वेधशाळेच्या नोंदी शेजारी ठेवूनच वाचा.

तुमच्याकडे असा ठराव आला तर लेखी विरोध द्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या. निदान प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवायला लावा. आमच्याकडे तेवढीही ठेवली नाही.